शिरेतले जंत

पाखरी भिंतीला शेपटी घासायला लागली तेव्हा कवडूला वाटलं, माजावर आली असेल. हिंगणघाटच्या स्टेशनासमोर टांग्यांचा अड्डा होता आणि तिथे असल्या विषयांना फार लवकर रंग चढायचा. त्यात मोतीलाल टांगेवाला म्हणजे जीभ घोड्याच्या पुढे धावणारा माणूस. तो म्हणाला, "कवडू, आता घोडीसाठीच नवरदेव पाह्य. दुसऱ्याचे नवरदेव तिनं किती वाहाचे?" सगळे हसले, कवडूही हसला. शेपटीच्या मुळाशी केस झडून कातडं उघडं पडलं तरी तो हसण्यावारीच नेत होता. पुढे या हसण्याची त्याला फार लाज वाटली.

पाखरी नुसती टांग्याची घोडी नव्हती. दुधात चहाचे चार थेंब पडावेत असा तिचा रंग, आणि लग्नसराई आली की टांगा बाजूला ठेवून तिच्या पाठीवर झूल चढायची. नदीकाठच्या बौद्ध वस्तीतला एकेक नवरदेव तिच्याच पाठीवरून मांडवात गेला होता. तिच्या आधी तिच्या आईच्या पाठीवरून. ही रीत कवडूच्या बापाची. आपल्या धाकट्या भावाच्या लग्नाला बाप एका मोठ्या घरी घोडी मागायला गेला होता. सकाळपासून दुपारपर्यंत त्याला अंगणात उभं ठेवलं आणि मग सांगितलं, घोडी शेतावर गेली आहे. घोडी त्याच्या डोळ्यांसमोर खुंट्याला बांधलेली होती. छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आला आणि कुठूनशी एक घोडी पैदा केली त्यानं. म्हणाला, "आपल्या पोराईसाठी घोडी मांगाले आता कोणाच्या दारात जाचं नाई." बाप गेला, ती घोडी गेली, पण वाक्य घरात राहिलं. त्या उन्हाळ्यापर्यंत कवडूनं ते पाळलं होतं. आणीबाणी उठून दोन-तीन वर्षं झाली होती तेव्हा.

त्या उन्हाळ्यात लग्न होतं ते कवडूच्या भाच्याचं. बहीण सुलोचना नवऱ्यामागे एकटीनं राबली, पोराला शिकवलं, आणि प्रेमदास टेलिफोन ऑफिसात लागला. मुलगी केली वेणा नदीपलीकडच्या एका गावातली, कांता नावाची. त्या गावात बौद्ध वस्तीकडे जायला दोन वाटा होत्या. एक मारुतीच्या पारावरून, गावाच्या मधोमध. दुसरी नाल्याच्या कडेनं, बाभळींमधून. आजवर त्या गावातल्या बौद्ध पोरींच्या वराती नाल्याकडूनच आल्या होत्या. या खेपेस कोणी मनाई केली नव्हती, आणि मधल्या वाटेनं येऊ का म्हणून कोणी विचारलंही नव्हतं. कवडूनं ठरवून टाकलं होतं, आपला भाचा पाखरीवर बसून पारावरून जाईल. त्या गोष्टीचा त्याला असा ध्यास लागला होता की दाढी करतानाही तो मनात वरात चालवायचा.

घोडीकडे नीट पाहिलं ते त्याच्या बायकोनं, सीताबाईनं. एका सकाळी घोडीच्या तोंडाला दाण्याचा तोबरा बांधता बांधता ती म्हणाली, "खाते तं पुरं, मंग अंगी काऊन लागत नाई? फासोळ्या मोजून घ्या, अन् पोट पाहा कसं लोंबून राह्यलं." दोनच दिवसांनी भर दुपारी अड्ड्यावर पाखरी टांग्यासकट खाली बसली आणि मान वळवून स्वतःच्या कुशीकडे पाहू लागली. मग मात्र मोतीलालनंच टांग्याचे पट्टे सोडायला हात लावला.

ढोरांच्या दवाखान्यात प्रभाकरराव डॉक्टर होते. माणूस कमी बोलणारा, पण जनावराच्या अंगावर हात टाकायचा तो आधी विचारून टाकल्यासारखा. त्यांनी पाखरीची पापणी उलटी करून पाहिली, ओठ वर करून हिरडी अंगठ्यानं दाबली. हिरडी धुतलेल्या फडक्यासारखी पांढरी. पोटाखाली सूज होती, तिथे बोट रुतलं की खळगा तसाच राहायचा. तेवढ्यात पाखरीनं लीद टाकली, ती गरम असतानाच डॉक्टरांनी थोडी उचलली, मिठाच्या दाट पाण्यात कालवली, गाळून एका नळीत काठोकाठ भरली आणि वर पातळ काच ठेवली.

"आता थांबा जरा. जंतांची अंडी हलकी असतात, मिठाच्या पाण्यात वर येतात."

मग ती काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवून त्यांनी कवडूला बोलावलं. कवडूनं आधी चुकीचा डोळा मिटला, मग बरोबर मिटला. उजेडाच्या गोल चकतीत लांबट गोळे पडले होते, शिजलेल्या तांदळाच्या शितांसारखे, आत दाणे दाणे असलेले. एक नाही, दोन नाही, चकती भरून.

"हे सारे माह्या पाखरीच्या पोटात?"

"ही नुसती अंडी. अंडी घालणारे आत आहेत, आतड्याला डसून रक्त पिताहेत. शेपटीला खाज आणणारे जंत निराळे, ते त्रास देतात पण मारत नाहीत. हे मारतात." डॉक्टरांनी हात पुसले आणि कवडूला बाकावर बसवलं. "आता नीट ऐका कवडूभाऊ. या जंतांची पिल्लं आतड्यात राहत नाहीत. आतड्याला रक्त नेणारी मोठी शीर असते, तिच्या भिंतीत शिरून बसतात. तिथे रक्ताच्या गुठळ्या धरतात. मी आज औषध देतो, त्यानं आतड्यातले जंत पडतील. शिरेतल्यांना हे औषध पोचत नाही. गुठळी सुटून पुढे अडकली तर आतड्याचं रक्तच बंद पडतं. म्हणून काम बंद, पळवणं बंद, पाठीवर ओझं बंद. पुन्हा औषध लागेल, पुन्हा लीद तपासू. उन्हाळा गेल्यावर बघू."

कवडू म्हणाला, "लगन हाय साहेब, भाच्याचं."

"या उन्हाळ्यात नाही," डॉक्टर म्हणाले.

नाकातून रबरी नळी घालून औषध दिलं. नळी बाहेर येईपर्यंत कवडू पाखरीच्या कानाशी काहीबाही पुटपुटत उभा होता. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं त्यानं पाळलं. लीद पडली की उचलायची, लांब खड्ड्यात टाकून वर माती ओढायची. चारा जमिनीवर टाकायचा नाही, दाणा तोबऱ्यातच. नदीकाठी जिथे साऱ्या अड्ड्याचे घोडे चरायचे तिथे सोडायचं नाही, कारण गवताच्या पात्यावरूनच ही पीडा पोटात जाते. रोज खरारा, रोज झाडलोट. इतका झाडू या हातांनी घरात कधी धरला नव्हता, हे सीताबाईनं बोलून दाखवलंच.

आणि दुसऱ्या दिवसापासून जंत पडले. तांबूस, बोटाच्या पेराएवढे, लिदीत वळवळणारे. बघायला वस्ती लोटली. बायका पदर नाकाला लावून बघून गेल्या, पोरांना दटावून लांब केलं. मोतीलालनं काडीनं उलटेपालटे करून पाहिले आणि जाहीर केलं, "निंघाले सारे! घरदार घेऊन निंघाले. आता पाह्य तुही घोडी कशी उडते!" मग चार-सहा दिवसांत पडायचे थांबले. पाखरी कान टवकारू लागली. सकाळी कवडूच्या खिशाला तोंड लावू लागली. सूज ओसरली, अंगावर थोडी चमक आली.

माणसाचा डोळ्यांवर फार भरवसा असतो. वैरी दारातून निघून जाताना आपण स्वतः पाहिला, तर घरात अजून कोणी लपलं आहे हे दुसऱ्याच्या तोंडून ऐकलेलं मनात टिकत नाही. डॉक्टरांनी शिरेचं सांगितलं होतं, पण शीर कोणी पाहिली? जंत तर सगळ्या वस्तीनं पाहिले होते. कवडूला बरं वाटलं, आणि एकदा बरं वाटल्यावर त्याला वरात पुन्हा दिसू लागली.

प्रेमदास शहाणा मुलगा. तो स्वतः होऊन आला. "मामा, घोडी राहू द्या. मी पायी जातो. नाईतं कोणाच्या सायकलवर बसतो. कांताले काही फरक पडत नाई, मले बी नाई."

"मले पडते," कवडू म्हणाला.

"आता कोण पाह्यते मामा घोडी अन् बिडी?"

"सारे पाह्यतात! तू पायी गेला तं नाल्याकडून आल्यासारखंच व्हते. लोक म्हनतीन, पारापाशी आले अन् भेले. तुह्या आज्याले इच्यार, अंगणात उभं राहाचं कसं असते ते!" आजा मेलेला होता, त्याला विचारणार कसं? पण प्रेमदास उठून गेला. त्यानं मामाला इतकं तापलेलं पाहिलं नव्हतं.

सीताबाईनं एकच धरून ठेवलं. "डॉक्टरले इच्यारून तं या. ते हो म्हनले तं खुशाल न्या." तेव्हा कवडू गेला. दवाखान्याच्या फाटकापर्यंत गेला. व्हरांड्यात प्रभाकरराव एका म्हशीची कास चाचपत होते. आत गेलं की ते काय म्हणतील हे कवडूला ठाऊक होतं. विचारलं नाही तर नकारही मिळणार नाही, असा काहीतरी हिशेब त्याच्या मनानं केला. तो फाटकाला हात लावून थोडा वेळ उभा राहिला आणि परत फिरला. घरी येऊन म्हणाला, "डॉक्टर नोयते." सीताबाईनं त्याच्याकडे पाहिलं आणि चुलीकडे वळली.

लग्नाच्या दिवशी उजाडतानाच कवडू पाखरीला चालवत घेऊन निघाला. पाठीवर कोणी नाही, झूलसुद्धा खांद्यावर त्यानंच घेतलेली. नदी उतरताना तिला पाणी पाजलं, बाभळीच्या सावलीत उभं केलं. जमेल तेवढं तो जपत होता. हे त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं.

गावाच्या शिवेवर वऱ्हाड जमलं. वस्तीनं देव सोडले होते, उपास सोडले होते, पण नवरदेवाच्या घोडीला भिजवलेली हरभऱ्याची डाळ चारायची रीत बायकांनी सोडली नव्हती. सुलोचना ताट घेऊन पुढे झाली. पाखरीनं ताटाला नाक लावलं आणि तोंड फिरवलं. "उनाची दमली," कवडू घाईनं म्हणाला. सुलोचनानं थोडी डाळ तिच्या ओठांशी नेली. पाखरीनं ती घेतली आणि हळूच खाली सांडू दिली. बँडवाल्यांनी तेवढ्यात सूर लावला आणि प्रेमदास पांढऱ्या कपड्यांत पाखरीच्या पाठीवर बसला.

वरात मधल्या वाटेनं निघाली. कवडूनं लगाम धरला होता. शेजारचा बँड त्याला लांबून आल्यासारखा ऐकू येत होता. पाराजवळ आल्यावर वऱ्हाडाची पावलं आपोआप आखडली. पारावर माणसं बसलेली होती. गावातले मोठे शेतकरी अण्णाजी आपल्या ओट्यावर उभे होते, पांढऱ्या मिशांचे, हातात अडकित्ता. कोणी काही बोललं नाही. एक म्हातारा नुसता सरकून बसला, घोडीला वाट व्हावी म्हणून. एका बाईनं कडेवरच्या मुलाला बोटानं नवरदेव दाखवला. बस, एवढंच झालं. पाखरी मान वर करून पारावरून गेली, आणि कवडूच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. बाप असायला हवा होता, असं त्याला फार फार वाटलं.

मांडवाच्या दारात प्रेमदास उतरला. त्रिशरण सुरू झालं तेव्हा कवडू पाखरीला मांडवाजवळच्या चिंचेखाली घेऊन गेला. झूल काढली. खालची पाठ घामानं निथळत होती, आणि तो घाम थंड होता. पाखरीनं पुढच्या पायानं माती उकरली. कुशीकडे पाहिलं. मग खाली बसली, उठली, पुन्हा बसली, आणि एकाएकी चारी पाय वर करून लोळू लागली. तिच्या तोंडून जो आवाज आला तो कवडूनं घोड्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

लग्न लागलं आणि नवरदेव लग्नाच्या कपड्यांतच कोणाची तरी मोटारसायकल घेऊन डॉक्टरांना आणायला धावला. तोवर कवडूनं तिला उठवून फिरवलं, पोट चोळलं, गुळाचं पाणी पाजून पाहिलं, ते नाकातून परत आलं. अण्णाजींच्या घरून पाण्याच्या दोन बादल्या आल्या, कोणी मागितल्या नव्हत्या. बायका मांडवाच्या कडेला उभ्या राहून बघत होत्या. जेवणाची पंगत बसली ती कोणाचं चित्त नसलेली.

डॉक्टर आले तेव्हा उन्हं कलली होती. त्यांनी पाखरीच्या पोटाला कान लावला, एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं. बराच वेळ लावून ठेवला. आतड्याची नेहमीची गुरगुर कुठेच नव्हती. हिरड्या आता पांढऱ्या नव्हत्या, जांभळ्या पडल्या होत्या. दुखणं कमी व्हावं म्हणून त्यांनी सुई दिली आणि तिच्या मानेवर हात ठेवून तिथेच मातीत बसले. ते बसले तेव्हाच कवडूला कळलं.

"साहेब, जंत पडले होते ना हो. म्या सोताच्या डोळ्यानं पाह्यले."

"आतड्यातले पडले, कवडूभाऊ."

डॉक्टरांनी खाली बघूनच विचारलं, "त्या दिवशी फाटकाशी आला होतात ना तुम्ही? मी पाहिलं होतं. वाटलं, येताय आत. म्हशीच्या कासेला हात गुंतले होते. मी हाक मारायला हवी होती."

त्यापेक्षा त्यांनी चारचौघांत दोन शिव्या दिल्या असत्या तर कवडूला सोसलं असतं. तो पाखरीचं डोकं मांडीवर घेऊन बसला. ती आता लोळत नव्हती. सुईनं तिला शांत केलं होतं, आणि त्या शांतपणातच, दिवस मावळायच्या आधी, तिचा श्वास लांबत लांबत थांबला. सुलोचना मोठ्यानं रडली. नवी नवरी कांता, सासरी अजून जिचं एक पाऊलही पडलं नव्हतं, तिनं पुढे येऊन पाखरीच्या डोळ्यांवर हात फिरवला.

मग तो प्रश्न आला, जो कोणी तोंडानं विचारला नाही. मेलेलं जनावर मांडवाजवळ पडलं होतं. जुन्या काळी अशा वेळी बोलावणं कोणाला जायचं हे सगळ्यांना माहीत होतं. पायाला दोर बांधून, फरफटत, गावाबाहेर. ते काम या माणसांनी दीक्षेच्या वर्षीच टाकून दिलं होतं. वऱ्हाडातला एक पोरगा सवयीनं नाही, नाइलाजानं दोर घेऊन आला. कवडूनं त्याच्या हातून दोर काढून घेतला.

"फरफटत नाई नेत मी तिले. गाडीत घालून नेऊ, खड्डा खंदून गाडू."

"गाडी कोणाची, मामा?" प्रेमदासनं विचारलं.

वस्तीत बैलगाडी नव्हती. कवडू उठला, कपड्यांची माती न झटकता पारापर्यंत चालत गेला आणि अण्णाजींच्या अंगणात जाऊन उभा राहिला. त्यात त्याला काही अवघड गेलं नाही. अभिमान, बाप, वाक्य, काही आठवलंच नाही.

"अण्णाजी, गाडी पायजे होती. घोडी न्याची हाय."

"ने ना," अण्णाजी म्हणाले, आणि लगेच गोठ्याकडे बैल सोडायला निघाले. जाता जाता थबकले. "कारे, दुखण्यातली होती म्हनते घोडी. मंग आनली काऊन? हा उभा हाय ना इतं, दिवसभर नुसता खाते. हाच नेला असता."

कवडूनं वळून पाहिलं. दावणीला एक तांबडा घोडा बांधलेला होता, धडधाकट, चारा चघळत असलेला.

"मांगाले आलो असतो," कवडूनं विचारलं, "तं देल्ला असता तुमी?"

अण्णाजींनी घोड्याकडे पाहिलं, पाराकडे पाहिलं. मिशीवरून हात फिरवला. उत्तर द्यायला त्यांना वेळ लागला, आणि तो वेळ दोघांनाही कळला. "माहीत नाई रे बाबू," ते शेवटी म्हणाले. "कोनी इच्यारलंच नाई कधी."

हे उत्तर खोटं असतं तर कवडूला त्यावर थुंकता आलं असतं. सरळ हो असतं तर कपाळ बडवता आलं असतं. पण हे खरंच होतं. त्यानं इथे विचारलं नव्हतं, फाटकाशी जाऊन तिथेही विचारलं नव्हतं, आणि दोन्ही ठिकाणचं न विचारणं त्या मुक्या जनावरानं पाठीवर घेऊन पारावरून नेलं होतं. मेलेल्या घोडीसाठी गाडी मिळायला त्याला एक वाक्य लागलं होतं. कवडू मोकळ्या गाडीच्या धुरेवर बसला आणि लहान पोरासारखा हुंदके देऊन रडू लागला. अण्णाजी बैलांचे कासरे धरून उभे होते. चाल म्हणाले नाहीत.